बाळाला घेऊन पहिला लांबचा विमानप्रवास

अगं, नऊ महिन्यांच्या बाळासोबत मुंबईहून अमेरिकेत नेवार्कला एकटी निघते आहेस, म्हणजे 15-16 तास सलग. म्हणून मनापासून सांगते. बॅसिनेट, म्हणजे विमानात बाळासाठी लावून देतात तो छोटा पाळणा, तिकिटाबरोबर आपोआप मिळत नाही. आजच फोन करून मागून घे, वजनाची मर्यादाही विचार. मिळालं तरी त्यावर फार विसंबू नकोस. हवा खराब झाली आणि सीटबेल्ट बांधायचा दिवा लागला, की झोपलेलं बाळ उचलून मांडीवर घ्यावंच लागतं. माझ्या लेकीला मी एका रात्रीत चारदा उचललं होतं. शेवटी तीही रडली आणि मीही.

कानांचं मात्र नीट लक्षात ठेव. चढताना होत नाही इतका त्रास उतरताना होतो. गिळलं की मधल्या कानातला दाब सारखा होतो, म्हणून विमान टेकायच्या साधारण अर्धा तास आधी पाजायला घे. त्याच्या थोडं आधी पोट भरून पाजू नकोस, नाहीतर ऐनवेळी ते तोंडच लावत नाही. सर्दी असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवच.

बाळाचं दूध, पेज तपासणीत चालतं. वेगळं काढून दाखव. हातातल्या बॅगेत तुझाही कपड्यांचा एक जोड ठेव. स्ट्रोलर विमानाच्या दाराशी देताना, तो परत दाराशीच मिळणार की सामानाच्या पट्ट्यावर, हे तिथेच विचारून घे.