साताऱ्याहून महाबळेश्वर आणि पुण्याला नियमित जायचे असल्यास बीएमडब्ल्यू एक्स५ पेट्रोल 381 अश्वशक्तीची घ्यावी की डिझेल 286 ची?

आपला प्रवास मुख्यतः घाटाचा आणि महामार्गाचा असेल, तर 286 अश्वशक्तीचे डिझेल इंजिनच घ्यावे. जाहिरातीत ठळक छापलेला आकडा कमाल शक्तीचा असतो आणि ती इंजिन बरेच वर फिरवल्यावरच मिळते; घाटात मात्र इंजिन बहुतेक वेळ मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या आसपास असते आणि तिथे टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, महत्त्वाचा ठरतो. 2023 साली भारतात आलेल्या या गाडीच्या कंपनीने दिलेल्या आकड्यांनुसार डिझेलचा टॉर्क 650 न्यूटन मीटर, तर पेट्रोलचा 520 आहे. त्यावरून हिशेब केल्यास दोन हजार फेऱ्यांवर डिझेल सुमारे 185 अश्वशक्ती देते आणि पेट्रोल सुमारे 148, म्हणजे महाबळेश्वरच्या वाटेवरील केळघर घाटाच्या चढावर, पाच माणसे आणि सामान भरलेले असताना, वारंवार गिअर खाली न येता डिझेल गाडी ओढली जाते. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यास पेट्रोलच पुढे राहील, यात शंका नाही: शून्य ते शंभरला तिला 5.4 सेकंद लागतात, डिझेलला 6.1. तुलना करताना एकक अवश्य पाहावे, कारण 210 किलोवॅट म्हणजेच मेट्रिक 286 अश्वशक्ती बीएचपीमध्ये (ब्रिटिश अश्वशक्तीत) 282 होते. मात्र गाडी रोज साताऱ्यातच, पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत, फिरणार असेल, तर डिझेलच्या धूर-गाळणीतील काजळी जळण्याइतकी उष्णता निर्माण होत नाही आणि गाळणी तुंबते. अशा वापरासाठी पेट्रोलच योग्य.