परदेशी गिऱ्हाइकाला त्याच्या चलनात भाव दाखवताना

ताई, पैठणीच्या पर्सेस तुमच्या वेबसाइटवरून दुबई-लंडनपर्यंत पाठवायचं ठरवलंत, फार छान. सुरुवातीला मोजक्याच गोष्टी सांभाळा.

सगळ्यात महत्त्वाचं: परक्या चलनात भाव दाखवणं वेगळं आणि त्या चलनात पैसे घेणं वेगळं. बरीच फुकट प्लगइन्स (साइटला जोडायची छोटी सॉफ्टवेअर्स) फक्त आकडा बदलतात. पानावर २४ पौंड दिसतात, पण कार्डावरून रुपयेच कापले जातात. मग गिऱ्हाइकाची बँक स्वतःचा दर लावते, वर बहुतेकदा परदेशी व्यवहाराचं शुल्कही. स्टेटमेंटवर जास्त रक्कम दिसली की पहिला मेल तुम्हालाच येणार. म्हणून आधी पेमेंट गेटवेला (गिऱ्हाइकाचे ऑनलाइन पैसे तुमच्यापर्यंत पोचवणाऱ्या कंपनीला) विचारा, कोणकोणत्या चलनांत पैसे घेता येतात? जिथे येत नाहीत तिथे चेकआउटवर (पैसे भरायच्या पानावर) स्पष्ट लिहा: 'रक्कम रुपयांत घेतली जाईल.'

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- एकदा दर टाकून महिनोन्महिने तसाच ठेवतात. तो रोज आपोआप बदलू द्या.
- २३.८७ असला आकडा. सरळ २४ करा. जपानी येनला तर व्यवहारात दशांश नसतोच.
- आयपीवरून (गिऱ्हाइकाच्या इंटरनेट जोडणीच्या पत्त्यावरून) देश ओळखला की काम झालं असं समजतात. चलन बदलायचा पर्याय ठळक ठेवा. दुबईतली लेक पुण्यातल्या आईसाठी मागवते, तेव्हा तिला रुपयेच हवे असू शकतात.

डॉलर, पौंड, युरो, दिरहम एवढी चलनं सध्या पुरेत. देशागणिक वेगळे भाव वगैरे आत्ता डोक्यात घेऊच नका. परताव्याला कोणत्या दिवसाचा दर धरणार, ते मात्र पहिली ऑर्डर येण्याआधीच साइटवर लिहून टाका.