वाचकांचे प्रश्न : कॉलेजची लॅब मुक्त सॉफ्टवेअरवर नेताना

प्रश्न : आमच्या लॅबमध्ये ४० मशीन आहेत. चौथ्या पिढीचा आय३, ४ जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क. विंडोज ११ त्यावर चढत नाही. लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमचे नाव काढले की प्राचार्य म्हणतात, ‘फुकटच्या गोष्टीवर मुलांना काय शिकवणार?’ सुरुवात कुठून करू?
— संगणकशास्त्राच्या प्राध्यापिका, गडहिंग्लज

उत्तर : मॅडम, सुरुवात लिनक्सपासून करू नका. ऑपरेटिंग सिस्टिम बदलायची म्हटले की ऑफिस, लेखा विभाग आणि निम्मे शिक्षक पहिल्याच बैठकीत विरोधात जातात. एक सत्र आहे त्याच विंडोजवर लिब्रेऑफिस (ऑफिसची कामे), गिम्प (चित्रे), जिनी (प्रोग्राम लिहायला), पायथन (भाषा) टाका आणि प्रात्यक्षिके त्यावरच घ्या. हात बसला की खालची सिस्टिम बदलणे सोपे जाते. अडते ते फायलींपाशी आणि प्रात्यक्षिकांपाशी, सिस्टिमपाशी नाही.

प्राचार्यांसमोर ‘फुकट’ हा शब्द काढूच नका. त्यांना तारीख दाखवा : विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, म्हणजे तुमची ४० च्या ४० मशीन बाद. एखादी कॉपी विनापरवाना असेल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ६३ब वाचायला द्या. जाणूनबुजून अशी कॉपी वापरणाऱ्याला ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे. आणि ‘काय शिकवणार’ याचे उत्तर आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पात आहे : सायलॅब, ईसिम, ओपनफोम, ऑस्डॅग ही अभियांत्रिकीची मुक्त साधने तिथून कॉलेजांपर्यंत पोहोचवली जातात.

दुसऱ्या सत्रात ५ मशीन घ्या, ४० नको. खर्च करायचाच तर आधी २५६ जीबीची एसएसडी, मग रॅम ८ जीबी. एसएसडी बसली की तीच मशीन ओळखू येत नाही. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती चढवा, पण त्याआधी उतरवलेल्या फाइलचा चेकसम (फाइल पूर्ण, जशीच्या तशी उतरली का हे सांगणारा आकडा) ताडून पाहा. अर्धवट उतरलेली फाइल इन्स्टॉल करताना मध्येच दगा देते. विंडोज शेजारी ठेवणार असाल तर तिचे फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही. काही मशीनवर विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे पडते, कारण लिनक्स मदरबोर्डवर जागतिक वेळ लिहिते आणि विंडोज तीच स्थानिक समजते. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगा, प्रश्न मिटतो. पावसाळ्यात यूपीएसशिवाय पार्टिशनला, म्हणजे डिस्कच्या विभाजनाला, हात लावू नका. विभाजन सरकत असताना वीज गेली तर डेटा गेलाच म्हणून समजा.

एक मशीन मनासारखी झाली की क्लोनझिला या डिस्कची हुबेहूब नक्कल करणाऱ्या साधनाने बाकीच्यांवर उतरवा. सगळ्यांचे होस्टनेम (नेटवर्कवरचे मशीनचे नाव) एकच येते, ते प्रत्येकावर बदला. प्रिंटरही आधी तपासा. कॅनन एलबीपी २९०० सारखे प्रिंटर कॅप्ट या वेगळ्या पद्धतीने चालतात आणि लिनक्सवर फार छळतात. असा असेल तर तो विंडोजच्याच मशीनला राहू द्या. ऑफिसातल्या टॅलीच्या मशीनलाही हात लावू नका.

प्रश्न : आमच्याकडे सी आणि सी++ अजून टर्बो या जुन्या कंपायलरवर (प्रोग्राम मशीनच्या भाषेत नेणारे साधन) चालते. जीसीसी या मुक्त कंपायलरवर नेले तर मुलांचे प्रोग्राम चालत नाहीत, आणि बाहेरून येणारे परीक्षक नाराज होतात.
— सहायक प्राध्यापक, इचलकरंजी

उत्तर : अभ्यासक्रमाचा कागद काढून पाहा. त्यात भाषा लिहिलेली असते. कंपायलरचे नाव नसेल तर परीक्षकांना तेच पान दाखवा. डॉसवरचे टर्बो १९९८ च्या सी++ मानकाच्या आधीचे आहे, त्यामुळे मुले जे शिकतात ते पहिल्याच मुलाखतीत अडते.

बदल थोडे आहेत. कोनिओ हेडर, स्क्रीन पुसण्याची ओळ आणि शेवटचे गेटच काढा. व्हॉइड मेनऐवजी इंट मेन. आयओस्ट्रीमपुढचा ‘डॉट एच’ काढून खाली एसटीडी नेमस्पेसची ओळ लिहा. टर्बोत इंट २ बाइटचा असतो, जीसीसीत ४. म्हणून ३२७६७ मध्ये १ मिळवला की तिथे -३२७६८ दिसते, इथे ३२७६८. ‘उत्तर चुकले’ म्हणून मुले येतील, तेव्हा फळ्यावर दोन्ही मांडा. हा एक तास वाया जात नाही.

जिनीत एफ८ ने कंपाइल, एफ९ ने बिल्ड, एफ५ ने रन. सी मध्ये वर्गमूळ वापरले की लिंकर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ म्हणतो. बिल्ड कमांडच्या शेवटी गणिताची लायब्ररी जोडा (वजाचे चिन्ह, एल, एम), ते थांबते. ग्राफिक्स हेडरची प्रात्यक्षिके मात्र जशीच्या तशी येत नाहीत. ती पायथनच्या टर्टलवर नव्याने लिहावीत असे आमचे मत आहे.

प्रश्न : ग्रंथालयात १८ हजार पुस्तके आहेत. जुन्या सॉफ्टवेअरमधून यादी एक्सेलमध्ये निघते. कोहा या मुक्त ग्रंथालय सॉफ्टवेअरवर जायचे आहे, पण मराठी नावे अगम्य दिसतात.
— ग्रंथपाल, कागल

उत्तर : कोहा १९९९ मध्ये न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी लिहिले गेले. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, आपल्या आहेरासारखी, दिल्याघेतल्याची. ते मार्क २१ या ग्रंथालय नोंदींच्या साच्यात, क्रमांकाच्या रकान्यांत नोंदी घेते : आयएसबीएन ०२०, लेखक १००, शीर्षक २४५, प्रतीचा तपशील ९५२.

आधी एक्सेल सांभाळा. आयएसबीएनचे १३ आकडे तिथे ‘९.७८ ई+१२’ असे होतात आणि बारकोडच्या सुरुवातीची शून्ये उडतात, म्हणून दोन्ही रकाने टेक्स्ट करूनच यादी आणा. एकच बारकोड दोनदा आला की कोहा ती प्रत घेत नाही. आधी गाळून घ्या.

अगम्य अक्षरांचे कारण जुना फॉन्ट. त्यात मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेले असते, फॉन्ट काढला की मूळ इंग्रजी चिन्हे उघडी पडतात. युनिकोड परिवर्तकातून काढा आणि ‘स्थिती’, ‘कीर्ती’, ‘दुसऱ्या’ असे शब्द डोळ्यांनी तपासा. पहिली वेलांटी, रफार आणि ऱ्य इथेच चुकतात. फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करा, प्रथम २०० च नोंदी चढवून पाहा, मग उरलेल्या.

सर्व्हरला ८ जीबी रॅम, एसएसडी आणि यूपीएस द्या. डेबियनच्या पॅकेजमधून बसवलेले कोहा रोज स्वतः बॅकअप घेते, पण तो त्याच मशीनवर राहतो. २०१९ आणि २०२१ चा महापूर ध्यानात ठेवून मशीन वरच्या मजल्यावर ठेवा आणि दर आठवड्याला एक प्रत इमारतीबाहेर न्या.

प्रश्न : शिकवणारे कोणी नाही. आम्ही विद्यार्थीच काही करू शकतो का?
— बीसीएचा विद्यार्थी, राजारामपुरी

उत्तर : नक्की करा. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल छोट्या व्हिडिओंतून शिकवते, बरेच मराठीतही आहेत. अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ, अर्ध्यावर स्वतःचे काम, थांबवत थांबवत. नुसते पाहून हाताला काही येत नाही. सप्टेंबरचा तिसरा शनिवार सॉफ्टवेअर स्वातंत्र्य दिन म्हणून पाळतात, त्या दिवसासाठी लॅब मागा आणि मित्रांच्या लॅपटॉपवर लिनक्स बसवून द्या. आधी डेटाची प्रत घ्या आणि लॅपटॉपवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का पाहा. असेल तर त्याची ४८ आकडी किल्ली कागदावर उतरवून घेतल्याशिवाय त्या मशीनला हात लावू नका.