बोट सव्वाचार लाखांची, पण एक फेरी कितीला?

प्रश्न: सोलापुरात यंत्रमागाचा छोटा कारखाना आहे, वय ४६. मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी ठेवलेली ६ लाखांची एफडी १४ महिन्यांनी पिकते. पुण्यातला मित्र त्याची ८ वर्षं जुनी, १६ फुटी फायबरची बोट, ४० हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन आणि ट्रेलर असं सगळं सव्वाचार लाखाला देतोय. सुट्टीच्या दिवशी उजनीच्या बॅकवॉटरला फिरवायची हौस आहे. मित्र म्हणतो, पेट्रोल सोडलं तर खर्च शून्य. घरातून विरोध आहे. एफडी मोडू का?

उत्तर: घरच्यांचा विरोध पैशांमुळे आहे की पाण्यामुळे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. कशामुळेही असो, निदान या वर्षी मी त्यांच्या बाजूनं आहे.

आधी मित्राच्या 'खर्च शून्य'कडे बघू. ८ वर्षांत इंजिनावर खरंच काही खर्च झाला नसेल, तर तो खर्च वाचलेला नाही. तो थकलाय, आणि बोटीबरोबर तुमच्या नावावर चढणार आहे. माग बंद पडला तर कारागीर चहा पिऊन येतो, तुम्ही मेकॅनिकला फोन लावता. धरणाच्या मध्यावर इंजिन बंद पडलं आणि वारा सुटला, तर ती सोय नाही.

माझा हिशोब असा. वर्षाला १५ फेऱ्या धरा, त्याहून जास्त होत नाहीत. कारखाना, लग्नकार्यं, जानेवारीतली गड्ड्याची यात्रा, यातून उरलेले रविवार मोजून बघा. सर्व्हिसिंग आणि बाहेरगावाहून येणारा मेकॅनिक १८ हजार. विमा, नोंदणी १५ हजार. शेडचं भाडं आणि ट्रेलरचे टायर-बेअरिंग १२ हजार. बॅटरी, पाणी उपसायचा पंप, लाईफ जॅकेट यांची झीज ८ हजार. पेट्रोल फेरीला २० लिटर धरलं तर साडेएकतीस हजारांच्या आसपास, टू-स्ट्रोकचं ऑईल वेगळं. झाले साडेचौऱ्याऐंशी हजार. सव्वाचार लाखांवर ७ टक्क्यांनी बुडालेलं व्याज जवळपास ३० हजार. म्हणजे एक फेरी साडेसात हजारांच्या वर गेली, आणि बोटीची किंमत दरवर्षी उतरते ती यात धरलेलीच नाही. आकडे अंदाजाचे आहेत, तुमचे टाकून बघा. फार खाली येणार नाहीत.

मला या यादीची भीती वेगळ्याच कारणानं वाटते. धंद्यात मंदीचे चार महिने आले की यातलं काय कापलं जातं? पेट्रोल नाही, कारण फिरायला तर जायचंय. कापलं जातं ते सर्व्हिसिंग आणि विमा.

माझ्या मेव्हण्याकडं टेंभुर्णीजवळ अशीच एक बोट होती. इंजिन चालू असताना मागून पाण्याची बारीक धार पडते, ती दिसली की थंड करणारा पंप चालतोय असं समजायचं. त्या पंपात रबराची चकती असते, इम्पेलर म्हणतात. बोट नुसती उभी राहिली तरी रबर कडक होतं, पाती मोडतात. धार बारीक झालेली मेव्हण्यानं पाहिली होती. 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणाला. इंजिन तापून धरलं, पिस्टन गेला. स्वस्तातला रबरी तुकडा टाळला आणि अर्ध्या इंजिनाचे पैसे मोजले.

उजनीचं पाणी तर आणखी हट्टी. उन्हाळ्यात साठा उणे टक्क्यांत गेला, म्हणजे वापरायचं पाणी संपून तळाचं उरलं, की पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडतं, आपण फोटो काढायला जातो. ते मंदिर दिसायच्या आधी महिनाभर तशाच भिंती, बांध आणि झाडांची खोडं पाण्याखाली वीतभर असतात. प्रोपेलर तिथंच जातो. मासेमारीची जाळी सगळीकडं पसरलेली, जलपर्णी वेगळी. जाळ्याचा नायलॉन दोरा प्रोपेलरमागं गुंडाळला की शाफ्टचं सील कापतो आणि पाणी गिअरच्या तेलात शिरतं. म्हणून सौदा करायच्या आधी गिअरकेसचा, म्हणजे गिअरच्या तेलाच्या डब्याचा, खालचा स्क्रू समोर उभं राहून उघडायला लावा. तेल नुसतं काळपट असेल तर चालेल. दुधाळ, चहाच्या रंगाचं निघालं तर चहा पिऊन घरी या. जुन्या बोटीत इंजिन बसतं ती मागची फळी हातोडीच्या दांड्यानं ठोकून बघा, बद्द आवाज आला तर आतलं लाकूड कुजलंय.

पेट्रोलचंही सांगतो. आता त्यात २० टक्के इथेनॉल असतं आणि ते ओलावा ओढतं. महिनोन्महिने टाकीत राहिलं तर पाणी वेगळं होऊन तळाशी बसतं. टाकी रिकामी न करता बोट शेडमध्ये लावणारे लोक दिवाळीनंतरच्या पहिल्याच फेरीत वल्ही मारत परततात, वल्ही बरोबर असली तर.

२१ मे २०२४ ला उजनीतच कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली, ६ जण गेले. एप्रिल-मेच्या दुपारी तिथं कसा वारा उठतो ते तुम्हाला माहीत आहे. जॅकेट सीटखाली ठेवायचं नसतं, किनाऱ्यावरच अंगात घालून बंद लावायचे. इंजिन बंद करणारी किल-स्विचची दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला हवीच; माणूस पाण्यात पडला आणि बोट गोल फिरून त्याच्यावरच आली, असं होतं.

कागदांचं थोडक्यात: २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानुसार इंजिनाच्या बोटीला नोंदणी आणि विमा लागतो. मित्राच्या नावावर महाराष्ट्र मेरिटाईम बोर्डाची नोंदणी आहे का ते विचारा, आणि धरणात चालवायला जलसंपदा विभागाची परवानगी लागेल ती वेगळी. पाहुण्यांकडून पैसे घेऊन फिरवायचा विचार असेल तर तो सोडा; खासगी वापराच्या विम्यात अपघाताचा दावा तिथंच अडकेल.

तर एफडी मोडू नका, ती मुलीची फी आहे. नवी बोटही मनात आणू नका, सप्टेंबर २०२५ पासून हौशी बोटींवर ४० टक्के जीएसटी आहे. या हिवाळ्यात उजनीकाठच्या कुंभारगाव किंवा डिकसळला जाऊन तिथल्या नावाड्याची बोट पाच-सहा वेळा भाड्यानं घ्या, फ्लेमिंगो बघा आणि प्रत्येक फेरीचा खर्च वहीत लिहा. त्याच वेळी एका वेगळ्या आरडीत महिन्याला ७ हजार टाकायला लागा, बोट दारात असल्यासारखं. मंदीच्या महिन्यातही तो हप्ता चुकला नाही आणि मुलीच्या पहिल्या वर्षाची फी भरून झाली, तर मला पुन्हा लिहा. तेव्हा मित्राची बोट विकली गेली असेल तर दुसरी शोधू. आणि विकली गेली नसेल, तर सव्वाचार लाख तो स्वतःच म्हणणार नाही.