उपग्रहाला काय दिसतं, शेतात जाऊन काय बघावं लागतं : सोलापूर जिल्ह्यातल्या वाचकांचे प्रश्न

मंगळवेढा तालुक्यात आमची दोन एकर कोरडवाहू ज्वारी आहे. मोबाइलवरच्या ॲपमध्ये शेत कुठे हिरवं, कुठे पिवळं दिसतं. पिवळं म्हणजे पीक गेलं का? हे फुकटात स्वतःला बघता येतं का?

येतं. आणि पिवळं दिसलं म्हणून पीक गेलं असं मुळीच नाही. त्या रंगामागे एनडीव्हीआय नावाचा आकडा असतो. हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकतं. अवरक्तातून लाल वजा करायचा आणि त्या दोघांच्या बेरजेने भागायचं. उघड्या काळ्या जमिनीवर हा आकडा साधारण ०.१ ते ०.२ येतो, दाट पिकावर ०.७ च्या पुढे जातो. कोणत्या आकड्याला कोणता रंग द्यायचा हे ॲप बनवणारा ठरवतो. म्हणून रंग सोडा, आकडा बघा.

युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं मोफत मिळतात. दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमारास आपल्यावरून जातात. त्यांच्या चित्रातली एक चौकट (पिक्सेल) १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे १०० चौरस मीटर. आपला गुंठा १०१ चौरस मीटरचा, तेव्हा एक चौकट म्हणजे एक गुंठा धरायला हरकत नाही. दोन एकरांत ८० चौकटी बसतात. मात्र बांधाला लागलेल्या चौकटीत बांधावरची बाभळ आणि शेजाऱ्याचं पीकही मिसळतं. शेत चौरस असेल तर कडेच्या सोडून पन्नासेक चौकटी भरवशाच्या उरतात. तीस मीटर रुंदीचा लांब पट्टा असेल तर फक्त मधली एक ओळ.

कोपर्निकस ब्राउझर उघडा, सेंटिनेल-२ मध्ये ‘एल२ए’ निवडा (हवेतल्या धुळीचा-वाफेचा परिणाम काढून टाकलेली ही आवृत्ती), ढगांची मर्यादा ३० टक्क्यांवर ठेवा. आधी साधं रंगीत चित्र बघा. शेतावर ढग किंवा ढगाची सावली असेल तर ती तारीख सोडून द्या, कारण विरळ ढगसुद्धा एनडीव्हीआय खाली ओढतो. मग बांधापासून दहा मीटर आत शेताची हद्द आखा आणि आकडेवारीचा आलेख काढा. आलेखासाठी खातं उघडावं लागतं, पण पैसे लागत नाहीत.

आता वाचायचं कसं. ज्वारीचा पेरा १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरमधला. पहिले तीन आठवडे उपग्रहाला पिकापेक्षा जमीनच जास्त दिसते. त्यानंतर आकडा चढतो, पोटरी-फुलोऱ्याला शिखरावर जातो आणि दाणा भरू लागला की आपोआप उतरतो. जानेवारीतला पिवळा ठिपका बहुतेक वेळा नुसती पक्वता असते. नोव्हेंबरातला पिवळा ठिपका मात्र त्याच आठवड्यात जाऊन बघा. गेल्या वर्षाशी तुलना करायची ती तारखेने नव्हे, पेरणीपासूनच्या दिवसांनी. तोच ठिपका दरवर्षी त्याच जागी येत असेल तर तिथे मुरूम वर आलाय किंवा जमीन चोपण आहे. यंदा नव्याने आला असेल तर तिथे पीक अडचणीत आहे.

दोन गोष्टी मात्र उपग्रहाच्या हाती लागत नाहीत. खोडमाशीची पोंगेमर (मधला पोंगा वाळणं) पहिल्या काही आठवड्यांतच होते, तेव्हा पान विरळ असतं. खडखड्या हा खोडाचा रोग फुलोऱ्यानंतर येतो, तेव्हा आकडा तसाही उतरतच असतो. तो ओळखायला ताट खाली चिरूनच बघावं लागतं.

सांगोल्यात डाळिंबाची बाग आहे. ॲपकडून ‘पिकावर तीव्र ताण’ असा इशारा आला. ताण तर आम्हीच दिला होता. मग याचा उपयोग काय?

बहार धरताना, म्हणजे बाग एकदम फुलावी म्हणून, तुम्ही पाणी तोडता, पानगळ करता. एनडीव्हीआय कोसळणारच. ॲपला बहाराची तारीख ठाऊक नसेल तर ते तुमच्या कामालाच रोग समजतं. त्यामुळे बहाराची आणि पानगळीची तारीख ॲपमध्ये नोंदवा, तशी सोय नसेल तर त्या दीड-दोन महिन्यांतले इशारे बाजूला ठेवा. उपयोग नंतर सुरू होतो. पहिलं पाणी दिल्यावर सगळी बाग एकसारखी फुटायला हवी. एखादा कोपरा पंधरा दिवस मागे राहिला तर आधी तिथलं ठिबक तपासा. लॅटरलच्या (ठिबकच्या नळीच्या) शेवटी दाब कमी पडणं किंवा ड्रिपर चोंदणं ही नेहमीची कारणं.

४.५ बाय ३ मीटर अंतराच्या बागेत एका चौकटीत सातच झाडं येतात, बाकी उघडी जमीन. ओळींमध्ये तण माजलं तर आकडा झाडांमुळे नव्हे, तणामुळे चढतो. मर रोगाने सातातलं एक झाड वाळलं तर फरक इतका थोडा असतो की तो ओळखू येत नाही. तेल्या रोगाचे पानाफळावरचे डाग तर दिसणं शक्यच नाही. ‘उपग्रहाने तेल्या ओळखतो’ म्हणून कुणी वर्गणी मागत असेल तर देऊ नका.

बार्शीकडे सोयाबीन आहे. जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे एकही चित्र नीट मिळत नाही. रडारचा पर्याय कितपत खरा?

खरा आहे, पण रडार हिरवेपणा बघत नाही. सेंटिनेल-१ चं रडार ५.६ सेंटिमीटर लांबीच्या लहरी पाठवतं आणि त्या पिकाच्या ठेवणीवरून व पाण्यावरून परततात. ढग आणि रात्र आड येत नाहीत. पीक वाढलं की ‘व्हीएच’ हा संकेत वाढतो. घोटाळा होतो तो पावसाने: आदल्या रात्री सर पडली तर ओल्या जमिनीमुळेही संकेत वाढतो आणि पीक वाढल्याचा भास होतो. म्हणून चित्राच्या तारखेशेजारी पर्जन्यमापकाचा आकडा लिहा. तुलना एकाच कक्षेतल्या चित्रांची करा, आणि एका चौकटीवर न जाता निदान पूर्ण एकराची सरासरी घ्या. रडारच्या चित्रात ठिपक्यांची खरखर फार असते. पानं पिवळी पाडणाऱ्या पिवळ्या मोझॅक रोगाला रडार जवळजवळ आंधळं असतं, रंग बदलला तरी झाडाची ठेवण तीच राहते.

३० जुलै २०२५ ला सोडलेल्या भारत-अमेरिकेच्या निसार उपग्रहाच्या एका रडारची लहर सुमारे २४ सेंटिमीटरची आहे. ती पिकात जास्त खोल शिरते. उसासारख्या दाट पिकाला तिचा फायदा आहे.

दुष्काळ जाहीर करताना उपग्रहाची आकडेवारी वापरतात म्हणे. मग आमच्या गावात पीक जळालेलं असताना तालुका ‘ठीक’ कसा दिसतो?

हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेत आधी पाऊस बघतात, मग पेरणीक्षेत्र, जमिनीतली ओल, जलसाठे आणि उपग्रहाचे निर्देशांक. त्यातला एक वनस्पती स्थिती निर्देशांक: यंदाचा एनडीव्हीआय आजवरच्या नीचांक आणि उच्चांकाच्या मध्ये कुठे बसतो ते तो सांगतो. समजा, ऑगस्टच्या याच आठवड्यात आजवरचा सर्वांत कमी एनडीव्हीआय ०.२०, सर्वांत जास्त ०.६० आणि यंदा ०.३२ आहे. यंदाचा आकडा नीचांकाच्या ०.१२ वर, नीचांक-उच्चांकातलं अंतर ०.४०; ०.१२ भागिले ०.४०, म्हणजे ३० टक्के. ४० च्या खाली स्थिती वाईट, ४० ते ६० मध्यम, त्यावर चांगली.

गणित सोपं आहे. सोलापुरात ते फसतं दोन कारणांनी. पहिलं कारण ऊस. माढा, पंढरपूर, माळशिरसमध्ये उजनीच्या पाण्यावरचा ऊस आणि केळी पावसाने दगा दिला तरी हिरवीच राहतात. तालुक्याची सरासरी काढली की हा हिरवा भाग कोरडवाहू गावांचं जळणं झाकून टाकतो. दुसरं कारण याच्या उलट. मंगळवेढ्याच्या भारी काळ्या जमिनी रब्बी ज्वारीसाठी खरिपात मुद्दाम पड ठेवतात. ऑगस्टात तिथला कमी एनडीव्हीआय म्हणजे दुष्काळ नव्हे, ती शेतीची पद्धतच आहे. पुढे सप्टेंबरचा पाऊस लांबला आणि पेरा वीस दिवस पुढे गेला तर धडधाकट ज्वारीसुद्धा त्या तारखेला ‘वाईट’ गटात जाते.

यावर उपाय एकच: आधी पिकांचा नकाशा, मग निर्देशांक. बारमाही बागायत वेगळी काढायची आणि कोरडवाहू क्षेत्राची सरासरी मंडळनिहाय काढायची. संहितेत बाधित गावांपैकी १० टक्के गावांत प्रत्यक्ष पाहणीची तरतूद आहे. त्या पाहणीच्या वेळी ग्रामपंचायतीने कोरडवाहू गटांचे नंबर, पेरणीच्या तारखा आणि पावसाच्या नोंदी हातात ठेवाव्यात. नुसत्या अर्जापेक्षा या कागदांचं वजन जास्त पडतं.

अन्नसुरक्षेशी याचा थेट संबंध आहे. देशाच्या ‘फसल’ प्रकल्पात रब्बी ज्वारीचा अंदाज उपग्रहाने काढतात आणि तो कापणीच्या आधी हाती येणं गरजेचं असतं. जी-२० देशांनी २०११ मध्ये सुरू केलेला जिओग्लॅम हा उपक्रम जगाच्या पातळीवर हेच करतो. कुठे पीक कमी येणार हे वेळेत कळलं, तर धान्य आणि चारा हलवायला वेळ मिळतो. ज्वारी पडली की जिल्ह्यात भाकरीबरोबर कडबाही जातो आणि जनावरं बाजारात येऊ लागतात. म्हणून चुकीच्या सरासरीवर स्वस्थ बसणं परवडत नाही.

उसाचं क्षेत्र उपग्रहाने खरंच मोजता येतं का?

क्षेत्र येतं, टनेज तितकं नाही. एप्रिल-मेमध्ये ज्वारी, हरभरा निघालेला असतो. तेव्हा दाट हिरवं राहतं ते मुख्यतः ऊस, केळी आणि बागा. आधीच्या बारा महिन्यांचा आलेख जोडला की तोडणीची तारीख दिसते आणि खोडवा वेगळा ओळखता येतो. टनेजाच्या बाबतीत ऊस दाटला की एनडीव्हीआय ०.८ च्या आसपास अडकतो. एकरी ४० टनाचा आणि ६० टनाचा फड सारखाच दिसू शकतो. तिथे ‘रेड एज’ (लाल आणि अवरक्ताच्या मधल्या) पट्ट्यावरचा, एनडीव्हीआयसारखाच एनडीआरई हा आकडा वापरावा, पण त्या पट्ट्याची चौकट २० मीटरची, म्हणजे चार गुंठ्यांची असते.

उपग्रहच सगळं बघतो, तर ई-पीक पाहणी (मोबाइलवर फोटो काढून पिकाची नोंद) कशाला करायची?

उपग्रहाला शिकवण्यासाठी. अमुक आलेख ज्वारीचा आणि तमुक हरभऱ्याचा, हे संगणकाला जमिनीवरच्या नोंदींवरूनच कळतं. पीक विम्यातही २०२३ पासून ‘येस-टेक’ या उपग्रहावर आधारलेल्या पद्धतीत काही पिकांच्या उत्पादन अंदाजात तंत्रज्ञानाला किमान ३० टक्के वजन दिलं गेलं, बाकी भार पीक कापणी प्रयोगांवरच होता. सात-बाऱ्यावर हरभरा आणि शेतात ज्वारी असेल, तर तुमचं नुकसान चुकीच्या पिकाच्या खात्यात पडेल. फोटो काढताना बांधावर थांबू नका, कारण मोबाइलच्या जीपीएसमध्ये पाच-दहा मीटरची चूक सहज होते आणि नोंद शेजारच्या गटात जाते. शेताच्या मध्यावर, मोकळ्या आभाळाखाली एखादा मिनिट थांबा, स्थान स्थिरावलं की मगच फोटो घ्या. आंतरपीक असेल तर दोन्ही पिकं, ओळींच्या प्रमाणासह नोंदवा.