बोबडी वळली तर वळू दे

या महिन्याच्या टपालात मुलाखतीच्या आणि चारचौघांत बोलण्याच्या धास्तीची पत्रंच जास्त आली. त्यातली तीन घेतली आहेत. मी निवृत्तीपर्यंत जळगावच्या एमआयडीसीत पाइप बनवणाऱ्या एका कारखान्यात भरतीचं काम पाहिलं, म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसले. उत्तरंही तिकडूनच देते आहे.

मावशी, मी नंदुरबारची. धुळ्याला मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. वडील मिरचीच्या पथारीवर, म्हणजे मिरची पसरून वाळवतात त्या आवारात, मुनीम आहेत. माझा प्रोजेक्ट मिरची वाळवायच्या सोलर ड्रायरचा आहे. मागच्या महिन्यात कॉलेजात कंपनी आली होती. ‘स्वतःबद्दल सांगा’ एवढंच विचारलं. इंग्रजीत पाठ करून गेले होते, पण दुसऱ्याच वाक्याला पाटी कोरी. हात इतके थरथरत होते की बायोडेटाचा कागद फडफडत होता. ते म्हणाले, मराठीत बोला. तर तोंडातून अहिराणीतलं ‘माले’ (मला) आणि ‘शाया’ (शाळा) निघालं. एक साहेब हसले. आता नाशिकला अंबडच्या एका कंपनीत मुलाखत आहे. ते हसणं आठवून झोप लागत नाही. घरचे म्हणतात, घाबरू नको. रूमवरची मैत्रीण म्हणते, ठोके कमी करायची गोळी मिळते, ती घे. काय करू?
— क., नंदुरबार

अगं, ‘घाबरू नको’ म्हटल्यानं कुणाची भीती गेलेली मी पाहिलेली नाही. उलट घाबरायचं नाही हे आणखी एक काम डोक्यावर बसतं. तेव्हा घरच्यांची माया घे आणि सल्ला सोडून दे.

आधी त्या कागदाचं बघू. सुटा कागद धरला की बोटांची बारीकशी थरथर त्याच्या टोकाला भलती मोठी होऊन दिसते. बायोडेटा जाड फाइलमध्ये घाल, फाइल टेबलावर ठेव आणि हात मांडीवर. मग थरथरू देत हवे तेवढे, टेबलापलीकडून ते दिसत नाहीत. आणि खरं सांगू? पहिलं मिनिटभर आम्ही उमेदवाराकडे धड बघतही नसायचो. एक जण बायोडेटात टक्केवारी शोधतोय, दुसरा आधीच्या पोराचे मार्क भरतोय, तिसऱ्याचं लक्ष चहा कधी येतो याकडे. ज्या मिनिटाला तू एवढी भितेस, ते मिनिट समोरच्याच्या लक्षातही राहत नाही.

थरथर, कोरडं तोंड, छातीतली धडधड ही सगळी अ‍ॅड्रेनालिनची करामत. शरीर पळायच्या तयारीला लागतं, म्हणून रक्त स्नायूंकडे धावतं आणि लाळ आटते. आणि तू मात्र खुर्चीत शहाण्यासारखी बसलेली! कानबाईच्या विसर्जनाला वाजंत्रीपुढे नाचतेस तेव्हाही काळीज असंच उडतं, पण तेव्हा तू त्याला भीती म्हणत नाहीस. हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांचे या विषयावरचे प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्यात भाषणाआधी काही जणांना ‘मी शांत आहे’ असं स्वतःशी म्हणायला लावलं आणि काहींना ‘मला हुरूप आलाय’ असं. हुरूपवाल्यांची भाषणं ऐकणाऱ्यांना जास्त पटली. धडधडत्या काळजाला शांत म्हणायला गेलं की आपलं आपल्यालाच पटत नाही. हुरूप म्हटलं तर निदान खोटं वाटत नाही.

बाहेर बाकावर बसवतील तेव्हा मोबाइल पर्समध्ये टाक. चार आकडे मोजत श्वास आत घे, सहा-सात मोजत सोड. सोडताना लांबवायचा, कारण श्वास बाहेर जाताना व्हेगस नावाची नस ठोके मंद करते. पाचेक मिनिटं पुरे. चहा मुलाखत झाल्यावर घे. आधी दोन घोट पाणी बरं, जीभ टाळूला चिकटत नाही.

पण तुझं खरं दुखणं पाठांतराचं आहे. पाठ केलेल्या उत्तरातला एक शब्द निसटला की मागचे सगळे अडकतात. त्याऐवजी थांबे लक्षात ठेव. नंदुरबारहून धुळ्याला येताना दोंडाईचा, चिमठाणे, सोनगीर हे तू झोपेतही सांगशील, आणि गाडी एखाद्या ठिकाणी थांबली नाही तरी धुळ्याला पोचतेच. तुझ्या उत्तराचे थांबे असे: नाव-गाव, शिक्षण, स्वतःच्या हातानं केलेलं एक काम, आणि हीच कंपनी का. वाक्यं दर वेळी वेगळी झाली तरी चालतील. फक्त पहिलं वाक्य पक्कं असू दे, म्हणजे तोंड उघडतं.

तिसऱ्या थांब्यावर चांगली रेंगाळ. पथारीवर मिरची उघड्यावर पसरलेली असते, अवकाळी पाऊस आला की काळे डाग पडतात आणि भाव उतरतो. मुनिमाची मुलगी हे लहानपणापासून बघते आणि ड्रायर बनवायला घेते. ट्रे किती ठेवले, आत तापमान किती चढलं, पंखा कुठे बसवला, रंग टिकला का, कशात गणित चुकलं? हे सांगायला तुला पाठ करावं लागणार आहे का? नवशिक्या इंजिनिअरकडून मला तेवढंच हवं असायचं. गोड इंग्रजीत ‘मी मेहनती आहे’ म्हणणारे दिवसभर येऊन जायचे. त्यांची तोंडंही संध्याकाळी आठवायची नाहीत.

सराव मोठ्यानं कर. मनातल्या मनात केलेला मी धरत नाही. आधी खोलीत एकटी, मग मैत्रिणीपुढे, मग वर्कशॉपमधल्या मामांपुढे, आणि शेवटी ज्यांची सगळ्यात जास्त धास्ती वाटते त्या सरांपुढे. अंग सैल ठेवून भीतीची एकेक पायरी चढायची ही पद्धत जोसेफ वोल्पी यांनी १९५० च्या दशकात मांडली. तिच्यातलं पायरी-पायरीनं सामोरं जाणं भीतीवरच्या उपचारांत आजही वापरतात. मुलाखतीचे कपडे आणि सँडल घालूनही एकदा बोलून बघ. नवी सँडल त्याच दिवशी चावायला नको.

‘माले’ आणि ‘शाया’ यांत दुरुस्त करण्यासारखं मला काही दिसत नाही. घाई झाली की माणूस घरच्या बोलीवर येतो. शब्द निसटला तर ‘सॉरी’ म्हणत थांबू नको, वाक्य पुरं कर. ज्या बहिणाबाईंचं नाव २०१८ साली आपल्या जळगावच्या विद्यापीठाला दिलं, त्यांनीही ओव्या घरच्या बोलीतच रचल्या. अंबडच्या कारखान्यांत खानदेशची माणसं भरपूर आहेत. मशीनवरच्या माणसाशी त्याच्या बोलीत बोलू शकणारा इंजिनिअर मला तरी नेहमी उपयोगाचा वाटला. हसणाऱ्या साहेबांना हे कळायला हवं होतं.

गोळीचं म्हणशील तर मैत्रीण बहुधा प्रोप्रानोलॉलबद्दल बोलत असावी. दमा असणाऱ्याला ती घातक ठरू शकते, आणि कुणाचे ठोके, रक्तदाब नको इतके उतरतात. घ्यायची की नाही हे डॉक्टर तपासून ठरवतील. मैत्रिणीच्या पर्समधली तर मुळीच नको.

ताई, मी चोपडा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. वर्गात मुलांपुढे दिवसभर बोलतो. पण केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत शाळेचा उपक्रम पीपीटीवर मांडायचा म्हटलं की घशाला कोरड पडते आणि आवाज कापतो. मागे रजा टाकून सुटका करून घेतली. केंद्रप्रमुखांनी पुन्हा माझंच नाव घातलंय. सगळे आपलेच सहकारी, त्यांना माझी भीती दिसेल याचीच लाज वाटते.
— एक गुरुजी, चोपडा

सर, रजा टाकली त्या सकाळी केवढं हलकं वाटलं असेल! मेख तिथंच आहे. पळालं की बरं वाटतं हे मनाला एकदा कळलं की पुढच्या वेळची धास्ती दुप्पट होते. यंदा रजा नको.

आवाज कापतोय हे तुम्हाला आतून जेवढं जाणवतं, तेवढं बाहेर पोचत नाही. साविट्स्की आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली हे तपासून दाखवलं. आणि गंमत म्हणजे, ‘तुमची भीती तुम्हाला वाटते तितकी लोकांना दिसत नसते’ एवढं आधी सांगितलेल्या मंडळींची भाषणं इतरांपेक्षा चांगली झाली. म्हणून तुम्हालाही सांगून ठेवते. समोर बसलेल्यांतले निम्मे तर पुढच्या महिन्यात आपलं नाव लागेल का, याच काळजीत असतात.

पीपीटी आटपशीर ठेवा. स्लाइडवरची ओळ न् ओळ वाचणारा माणूस मला पहिल्यापासून सोसत नाही. आणि भिणारा माणूस हमखास तेच करतो, कारण भिंतीकडे तोंड करता येतं. तुम्ही एक करा: पिशवीत त्या उपक्रमातल्या एखाद्या पोराची वही घेऊन जा. उपक्रमाआधीचं एक पान आणि नंतरचं एक पान. सुरुवातीलाच ती वही पहिल्या रांगेत फिरवायला द्या. सगळ्यांचे डोळे वहीकडे जातात, तुम्हाला दम घ्यायला सवड मिळते, आणि त्या पोराबद्दल बोलायला लागलात की तुम्ही वर्गात असता तसे गुरुजी होता. अर्धा तास आधी पोचून प्रोजेक्टर जोडून बघा. वीज गेली तरी वही आहेच.

बोलण्याच्या प्रसंगाशिवायही छातीत दुखत असेल, श्वास कोंडत असेल किंवा झोप कायमची उडाली असेल, तर डॉक्टरांना दाखवा. केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची मोफत फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, क्रमांक १४४१६. चोवीस तासांत केव्हाही लावा, मराठीत बोलता येतं.

ताई, आमची रावेर तालुक्यात केळी आहे. मुलगा बँकेच्या पीओची (प्रोबेशनरी ऑफिसर) मुख्य परीक्षा पास झाला, आता मुंबईला मुलाखत आहे. तो जेवत नाही, बोलत नाही. घरात सगळे त्याला धीर देतो, तर आणखी चिडतो. कल्याणला माझा भाऊ असतो, बँकेतूनच निवृत्त झालाय. तो म्हणतो, आधी आठवडाभर पाठव, तयारी करून घेतो. आम्ही काय करावं?
— एक बाप, रावेर

भाऊ, धीर देणं तेवढं बंद करा. ‘आपल्या घराण्यातला पहिला अधिकारी’ हे वाक्य घरात कुणी बोलत असेल तर तेही. त्याला एवढंच आठवू द्या की आयबीपीएस ही संस्था घेते त्या पीओ भरतीच्या अंतिम यादीत मुख्य परीक्षेचं वजन ८० आणि मुलाखतीचं २०, म्हणजे मोठा डोंगर तो चढून आलाय.

तुम्हाला करता येण्यासारखं एक काम मात्र आहे, आणि ते कुठला क्लास करू शकत नाही. जळगाव जिल्ह्यातला उमेदवार म्हटल्यावर बँकवाले केळीवर येण्याची शक्यता दाट. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे त्यानं वाचलेलं असेल. पण खोडामागे खर्च किती येतो, पीककर्ज कधी उचलता आणि कधी फेडता, वादळानं बाग आडवी झाली तर विम्याचे पैसे कसे मिळतात, सीएमव्ही हा विषाणूरोग आला की रोपं उपटून टाकताना हिशोब काय होतो, व्यापारी भाव कसा पाडतो, हे त्याला तुमच्याएवढं माहीत आहे का? संध्याकाळी त्याला बागेत न्या आणि तुम्ही अडाणी मॅनेजर असल्यासारखे विचारत जा. त्यानं समजावून सांगायचं, तुम्ही मधे-मधे अडवायचं. केळीवर बोलता बोलता पोराची जीभ सुटेल, आणि बहुतेक भूकही लागेल.

मुंबईला एक दिवस आधी पोचू दे, एकटा जाऊ दे. राहायला कुठलं तरी साधं लॉज चालेल, पण कल्याणला नको. काका माणूस चांगलाच असेल, पण रात्री बारापर्यंत मुलाखत घेईल आणि सकाळी सहाला उठवून राहिलेले प्रश्न विचारेल.