कामगार सल्ला: राजीनाम्यावर सही करू नका

प्रश्न: ताई, साकीनाक्याच्या एका शर्टाच्या कारखान्यात नऊ वर्षं मी सिंगल नीडल मशीनवर कॉलर-कफ लावते. वय ४४. पगार १३,००० रुपये, त्यातून ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) आणि पीएफ कापतात. आम्ही ज्या कंपनीचा माल शिवायचो, ती आता शर्ट बांगलादेशातून आणते. चारपैकी दोन लाइन बंद झाल्या. शेठ म्हणतात, "राजीनामा लिहून द्या, हिशेब लगेच करतो." भाची सांगते, परदेशी मालामुळे काम गेलं तर अमेरिकेत सरकार मदत देतं. आपल्याकडे असं काही आहे का? – एक वाचक, मुंबई

उत्तर: सर्वांत आधी, राजीनाम्यावर सही करू नका. शेठ कितीही घाई करोत. तुम्ही काम सोडत नाही आहात, काम नाही म्हणून तुम्हाला कमी केलं जातंय. कायदा याला कामगार कपात म्हणतो. तुमचे निम्म्याहून जास्त हक्क या एका गोष्टीवर उभे आहेत. माझ्याकडे येणाऱ्या बायकांपैकी बऱ्याच जणी सही करून मग येतात आणि मला फार वाईट वाटतं, कारण तिथून मागे येणं अतिशय कठीण असतं.

भाचीचं म्हणणं बरोबर आहे. अमेरिकेत १९६२ सालापासून अशी योजना होती. आयातीमुळे काम गेलं असा अर्ज तीन कामगारसुद्धा मिळून करू शकत. सरकार चौकशी करायचं आणि खरं ठरलं तर नवं प्रशिक्षण, त्या काळात भत्ता, दुसऱ्या गावी काम मिळालं तर तिथे जाण्याचा खर्चही द्यायचं. जुलै २०२२ पासून मात्र तिथेही नवे अर्ज मंजूर होणं थांबलं आहे.

आपल्याकडे "आयातीमुळे काम गेलं" या कारणासाठी वेगळी मदत नाही. हे मला मनापासून खटकतं. बांगलादेशी तयार कपड्यांवरचं मूळ आयात शुल्क २०११ मध्ये सरकारनेच काढलं. मे २०२५ मध्ये त्या मालाला जमिनीवरची नाकी बंद करून फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता ही बंदरं ठेवली, तेही सरकारनेच. निर्णय दिल्लीत होतात, तर त्यापायी मशीन बंद पडणाऱ्या बाईची सोयही तिथेच व्हायला हवी. गिरण्या बंद पडल्या तेव्हा १९८६ मध्ये कामगारांसाठी पुनर्वसन निधी निघाला होता. पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, मग ५०, मग २५. पण तो कापड गिरण्यांसाठी होता, कपडे शिवणाऱ्यांसाठी नव्हे.

तुमच्या हाती आज जे आहे ते ईएसआयमुळे आहे. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत कारखाना बंद पडला किंवा कपात झाली, तर पहिले बारा महिने पगाराच्या ५० टक्के आणि पुढचे बारा महिने २५ टक्के बेकारी भत्ता मिळतो. म्हणजे तुम्हाला महिना साधारण ६,५०० आणि नंतर ३,२५०. त्या काळात तुम्हाला आणि घरच्यांना ईएसआयच्या दवाखान्यात उपचारही मिळतात. घरात कुणाला साखरेचा, रक्तदाबाचा त्रास असेल तर याचं मोल भत्त्याइतकंच आहे. राजीनामा दिलात तर यातलं काही मिळणार नाही. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना म्हणून आणखी एक आहे, पण ती जास्तीत जास्त ९० दिवसांची. दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत. तुम्ही पहिलीसाठीच अर्ज करा.

शेठकडून येणं वेगळं. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरीच्या वर्षांबद्दल मिळणारी रक्कम, दर वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराइतकी, महिना २६ दिवसांचा धरून. सगळा पगार मूळ आणि महागाई भत्त्याचा असेल, तर नऊ वर्षांचे ६७,५०० रुपये होतात. कपातीची भरपाई जवळपास तेवढीच आणि ती ग्रॅच्युइटीखेरीज. शिवाय एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार नवं काम शिकण्यासाठी मालकाने आणखी पंधरा दिवसांचं वेतन निधीत भरायचं असतं आणि ते तुमच्या खात्यात यायला हवं. आता "लगेच हिशेब" म्हणून शेठ किती देतायत ते या आकड्यांशी लावून बघा.

तुमच्यानंतर आलेल्या कारागिरांना ठेवून तुम्हाला काढत असतील तर कारण विचारा. एकाच कामावरच्या माणसांत शेवटी आलेला आधी जातो, असा नियम आहे. शेठ कपातीचं पत्र देत नसतील तर त्यांना लेखी कळवा की मी कामावर यायला तयार आहे, आणि पोचपावती घ्या. मग सहायक कामगार आयुक्तांकडे तक्रार द्या. ईएसआय कार्ड, पगाराच्या चिठ्ठ्या, बँकेचं पासबुक यांच्या प्रती घरी ठेवा, कारखान्याच्या कपाटात नको. आणि एकट्या जाऊ नका. बंद लाइनवरच्या सगळ्या जणी, धागा कापणाऱ्या मुलींसकट, एकत्र अर्ज करा. त्यांच्यापैकी कुणाचा ईएसआय भरलेलाच नसेल, तर तिची हकीकत मला वेगळी लिहून पाठवा. तिचा मार्ग निराळा आहे, पुढच्या अंकात सविस्तर सांगेन.